पालेर्मोतले आठ दिवस

दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेतली मंडळी महाबळेश्वरला जातात, कुणी अजमेरला जातं. यंदा आम्ही दोघं इटलीत, सिसिली बेटावरच्या पालेर्मोला निघालो, तेव्हा स्टाफरूममध्ये पहिलाच प्रश्न आला, “लॉटरी लागली का?” लॉटरी आपल्यात चालत नाही, असं हसून सांगून वेळ मारून नेली. खरं कारण घरातलं होतं आणि चहा पिता पिता सांगण्यासारखं नव्हतं.

आपाची थोरली मुलगी तीन वर्षांपूर्वी पालेर्मोच्या विद्यापीठात शिकायला गेली. शिक्षण कसलं, तर जुनी चित्रं, जुनं लाकूड, जुना दगड दुरुस्त करून जपण्याचं. पाच वर्षांचा अभ्यासक्रम. ती जायची ठरली तेव्हा घरात मोठं वादळ झालं. आमचे अब्बा म्हणजे तिचे नाना, निवृत्त उर्दू शिक्षक. ते म्हणाले, “बुतं पुसायला आणि तसबिरी रंगवायला पोरगी समुद्रापार पाठवायची?” आपाने आमच्याकडे पाहिलं. घरात शिकलेल्या, बी.एड. झालेल्या, नोकरी करणाऱ्या आम्ही. आमच्या एका शब्दाला अब्बांकडे वजन आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही गप्प बसलो. भाची शिष्यवृत्तीवर गेली, पण त्या दिवसापासून तिने आमच्याशी सलामापलीकडे बोलणं सोडलं.

आता शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. उरलेल्या दोन वर्षांच्या राहण्याखाण्याचा खर्च अब्बांच्या जमिनीच्या पैशातून व्हायचा, आणि अब्बा हो किंवा नाही काहीच म्हणत नव्हते. शेवटी म्हणाले, “तुम्ही दोघं जाऊन डोळ्यांनी पाहून या. मग ठरवू.” म्हणजे आम्ही सहलीला नव्हे, तपासणीला निघालो होतो. आयुष्यभर शाळेत तपासणीला येणाऱ्या साहेबांना घाबरलो, आता स्वतःच साहेब झालो.

विमान उतरताना एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडेबोडके करडे डोंगर. आम्ही पोहोचलो, बॅग पोहोचली नाही. ती तिसऱ्या दिवशी आली. तोवर भाचीचे दोन हिजाब आणि तिचाच स्वेटर घालून आम्ही फिरलो. भाची विमानतळावर आली होती. खालूंच्या गळ्यात पडली, आमच्याशी मुसाफा केला आणि म्हणाली, “खाला, तुम्ही जे जे तपासायला आला आहात, ते सगळं दाखवते. वेळापत्रक केलंय.” खरोखरच वहीच्या पानावर तासांप्रमाणे रकाने आखून तिने वेळापत्रक केलं होतं. ते पाहून बरंही वाटलं आणि टोचलंही.

पालेर्मो मुळात फिनिशियन व्यापाऱ्यांचं बंदर. इ.स. ८३१ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांनी ते घेतलं आणि त्याचं नाव बलरम असं झालं. दोनशे चाळीस वर्षं ही बेटाची राजधानी होती. दहाव्या शतकात इब्न हौकल नावाचा प्रवासी इथे आला. त्याने इथल्या मशिदी तीनशेहून अधिक असल्याचं लिहून ठेवलंय, आणि वर इथल्या शिक्षकांची यथेच्छ थट्टाही केली आहे. (शिक्षकांची थट्टा करण्याची रीत किती जुनी आहे पाहा.) १०७२ मध्ये नॉर्मन सरदारांनी शहर जिंकलं. ते ख्रिस्ती, पण त्यांनी कारागीर, कारकून, माळी, स्वयंपाकी जुनेच ठेवले. आज युनेस्कोच्या यादीत २०१५ पासून ज्या इमारती ‘अरब-नॉर्मन पालेर्मो’ या नावाने आहेत, त्या या काळातल्या. राजे ख्रिस्ती होते, पण बांधणीत अरबी हात ठिकठिकाणी दिसतो.

पहिल्या दिवशी भाचीने आम्हाला राजवाड्यात नेलं. या वाड्यात आज सिसिलीची विधानसभा भरते. वरच्या मजल्यावर राजा दुसरा रॉजर याचं खासगी प्रार्थनागृह आहे, कॅपेला पालातिना. ११४० च्या सुमारास बांधलेलं. आत शिरल्यावर भिंतींवर सोन्याच्या काचतुकड्यांची चित्रं चमकतात, त्यामुळे सगळे प्रवासी समोर पाहतात. भाची म्हणाली, “वर पाहा.” छत लाकडाचं आहे आणि ते सपाट नाही. मधाच्या पोळ्यासारखे कोनाडे एकाखाली एक लोंबताहेत. ही मुकर्नस पद्धत. दगडात किंवा चुन्यात ती आपल्याकडेही दिसते. लाकडात, एवढी मोठी आणि एवढी जुनी आम्ही प्रथमच पाहिली. प्रत्येक कोनाड्यात चित्र आहे: बुद्धिबळ खेळणारे दोघे, वाद्य वाजवणाऱ्या बाया, उंटावरची पालखी, मोर, सिंह, आणि कडेने कूफी अक्षरांत राजासाठी बरकत, सलामती, यश अशा सदिच्छा. ख्रिस्ती राजाच्या चर्चमधलं छत, त्यावर मुस्लिम कारागिरांची चित्रं आणि अरबी अक्षरं. आम्ही मान दुखेपर्यंत पाहत राहिलो. यांनी तर चक्क जमिनीवर बसकण मारली, तेव्हा पहारेकऱ्याने गोड शब्दांत उठवलं.

“नाना म्हणतील, बैठकीत बसलेली माणसं कशाला रंगवली?” आम्ही म्हणालो.

“म्हणू द्या,” भाची म्हणाली. “पण ती आपल्याच लोकांनी रंगवलीत, हेही त्यांना सांगा.”

प्रार्थनागृहाबाहेरच्या भिंतीत एक छोटी पाटी बसवलेली आहे. ११४२ साली रॉजरने पाण्यावर चालणारं घड्याळ बनवून घेतलं, त्याची ती नोंद, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत. अरबीत सन हिजरी, ५३६. घड्याळ गेलं, पाटी उरली. रॉजरचा लाल रेशमी झगाही पालेर्मोच्या शाही कारखान्यातच विणला होता. त्यावर उंटाला लोळवणारे दोन सिंह आणि काठावर अरबी मजकूर, सन ५२८. तो झगा आज व्हिएन्नाच्या खजिन्यात आहे. पालेर्मोच्या बऱ्याच चांगल्या वस्तू दुसरीकडे गेल्या आहेत, हे आठ दिवसांत वारंवार ऐकावं लागलं. एका छोट्या प्रार्थनागृहातून कारावाज्जोचं मोठं चित्र १९६९ साली चोरीला गेलं, ते अजून सापडलेलं नाही. तिथे आता नक्कल लावली आहे. भिंत रिकामी राहिली असती तर बरं, असं आम्हाला वाटलं. भाचीला तसं वाटत नाही.

याच रॉजरच्या दरबारात अल-इद्रीसी होता. भूगोल शिकवणाऱ्या आमच्या सहकारी बाईंना हे नाव नक्की ठाऊक असेल. त्याने वर्षानुवर्षं प्रवाशांना, खलाशांना विचारून विचारून जगाचा ग्रंथ आणि नकाशे तयार केले; ११५४ मध्ये ते काम पुरं झालं. त्याच्या नकाशात दक्षिण वर असते, त्यामुळे सिसिली आपल्याला उलटी दिसते आणि हिंदुस्थान तर ओळखूच येत नाही. पण त्या ग्रंथात आपलं ठाणं आहे, सोपारा आहे, आणि ज्याला अरब सैमूर म्हणत ते चौल आहे. ठाण्याच्या डोंगरात बांबू होतो आणि त्यातून वंशलोचन मिळतं, हेदेखील त्याने टिपलंय. हा माणूस हिंदुस्थानात कधी आला नाही. पालेर्मोच्या वाड्यात बसून त्याने ठाण्याचा बांबू लिहिला. आम्ही त्या वाड्याच्या गच्चीवर उभे राहून हे बोलत होतो आणि यांना ठाण्याला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन लावायची हुक्की आली. ती म्हणाली, “भाईजान, इथे बांबू कुठला, सगळे टॉवर आहेत.”

कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या दारात डाव्या हाताचा खांब पाहायला विसरू नका, असं आम्ही तिकडे जाणाऱ्या कुणालाही सांगू. या जागी आधी चर्च, मग मशीद, मग पुन्हा चर्च असं झालंय. त्या खांबावर कुरआनची आयत कोरलेली आहे, सूरह अल-आराफची चौपन्नावी, जिच्यात रात्र आणि दिवसाचा उल्लेख आहे. लग्नाची वरात त्याच दारातून आत गेली. नवरीचा लांब झगा खांबाला घासत गेला. आम्ही मनातल्या मनात आयत म्हटली. तिथे उभं राहून अभिमान वाटावा की दुःख व्हावं हे कळेना, म्हणून शेवटी समोरच्या दुकानात कॉफी प्यायलो.

खाण्याचं एकदा सांगून टाकतो, कारण भगिनी तेच आधी विचारतात. पालेर्मोत बेसनाची वडी तळून पावात घालून देतात. तिला पानेल्ले म्हणतात. म्हणजे आपला वडापाव, बटाटा वगळून. मांस नाही, त्यामुळे निर्धास्त. फक्त कढई कशाची हे विचारून घ्यायचं. बाल्लारो नावाच्या बाजारात सकाळी गेलात तर विक्रेते भाजीच्या नावाने असा काही सूर लावतात की आपली मंडई आठवावी. त्याच बाजारात बांगलादेशी भाऊ कोथिंबीर, हिरवी मिरची, मसूर विकतात. एकाने यांच्याशी हिंदीत गप्पा मारल्या आणि मिरच्या फुकट दिल्या. जुम्याला हे शहरातल्या जुन्या भागातल्या मशिदीत गेले. ती इमारत आधी चर्च होती. म्हणजे शहरात तोही प्रकार आहे आणि हाही.

भाचीच्या वेळापत्रकात तिसरा दिवस पालाझ्झो अबातेल्लिसचा होता. पंधराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला हा वाडा दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने फुटला. मग दुरुस्त करून १९५४ साली त्यात संग्रहालय उघडलं. मांडणी कार्लो स्कार्पा नावाच्या वास्तुकाराची. एकेका खोलीत मोजक्याच वस्तू, प्रत्येकीमागे वेगळ्या रंगाचा फलक. गर्दी अजिबात नाही. आपल्याकडच्या संग्रहालयांत वस्तू गोदामासारख्या ठेवतात आणि आपण पळत पळत बाहेर येतो. इथे माणूस आपोआप हळू चालतो.

तळमजल्यावर एक अख्खी भिंत व्यापणारं चित्र आहे, सहा मीटर उंच. मृत्यू हाडांच्या घोड्यावर बसून आलाय आणि बाण मारतोय. श्रीमंत पुरुष, दागिने घातलेल्या बाया, धर्मगुरू खाली कोसळताहेत. डाव्या कोपऱ्यात गरीब आणि आजारी लोक हात जोडून म्हणताहेत की आम्हाला ने, पण तो त्यांच्याकडे पाहतही नाही. हे चित्र मुळात एका रुग्णालयाच्या चौकात होतं. चितारी कोण, माहीत नाही, पण हातात कुंचला घेतलेला एक माणूस गर्दीतून सरळ आपल्याकडे पाहतो, तो तोच असावा म्हणतात. १९४४ मध्ये चित्राचे चार तुकडे करून ते भिंतीवरून सोडवलं. जोड दिसतात. हे बराच वेळ पाहून म्हणाले, “मलकुल मौतला घोडा लागत नाही.” भाची हसली. आल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली.

मग वर गेलो. वरच्या एका खोलीत छोटं चित्र आहे, वहीचं पान उघडून धरावं एवढं. आंतोनेल्लो दा मेस्सिना या सिसिलीच्याच चित्रकाराने १४७५ च्या आसपास काढलेलं. हजरत मरियम. आपल्यात अशी तसबीर काढत नाहीत, आणि आम्ही तिच्यासमोर जरा अवघडूनच उभे राहिलो. पण खोटं कशाला लिहायचं, आम्हाला तिथून हलता येईना. काळ्या पार्श्वभूमीवर निळी ओढणी घेतलेली एक मुलगी. समोर उघडं पुस्तक. ख्रिस्ती चित्रांत या प्रसंगी फरिश्ता असतो, पंख असतात, फुलं असतात. इथे काही नाही. फरिश्ता जिथे असायला हवा, तिथे आपण उभे. तिचा उजवा हात थोडा पुढे आलाय, थांब जरा म्हणावं तसा. आणि डाव्या हाताने तिने ओढणी गळ्याशी आवळून धरलीय. ही मूठ आम्हाला ओळखीची होती. वर्गाच्या दारात कुणी अनोळखी साहेब येऊन उभे राहिले की आमचा हात अगदी तसाच वर जातो.

भाची शेजारी येऊन उभी राहिली. पंधराएक मिनिटं कुणीच बोललं नाही.

संध्याकाळी समुद्राकाठी बसलो होतो. हे आइस्क्रीम आणायला गेले. भाचीने समुद्राकडे पाहतच विचारलं, “खाला, तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत?”

तयारी करून आणलेलं उत्तर होतं: नाना मोठे आहेत, घराची शांतता, वगैरे. ते तोंडातून निघेना. मग जे खरं तेच सांगितलं. आम्ही सातवीत असताना एलिमेंटरीची चित्रकला परीक्षा दिली होती, अ श्रेणी मिळाली होती. पुढच्या वर्षी इंटरमिजिएटचा फॉर्म अब्बांनी भरू दिला नाही. आम्ही एक शब्द बोललो नाही. रंगांची पेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकली. तीस वर्षांनी आपाची मुलगी उभी राहून नानांना म्हणाली, मी जाणार. तेव्हा आम्हाला तिचा राग आला होता. इतकंच.

भाची काही बोलली नाही. हे तीन आइस्क्रीम घेऊन आले. बदामाचं चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक तिने स्वतःच मोडलं. पुरातत्त्व संग्रहालयात ग्रीक मंदिरांची शिल्पं आहेत, मिसरमधला राजांच्या वंशावळीचा दगड आहे. ते सगळं तासाभरात उरकून ती आम्हाला आपल्या खोलीवर घेऊन गेली. टेबलावर तिच्या सरावाच्या फळ्या होत्या. एका फळीवर रंग उडाला होता, तिथे तिने रंग भरला होता. दोन हातांवरून पाहिलं तर चित्र अखंड. जवळ नेलं तर भरलेल्या जागी बारीक बारीक उभ्या रेघा, केसाएवढ्या. “हा नियम आहे,” ती म्हणाली. रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या दुरुस्ती संस्थेत ही पद्धत तयार झाली. दुरुस्त करणाऱ्याने काय घातलं, ते जवळून पाहणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे, आणि उद्या कुणाला काढायचं झालं तर मूळ रंगाला धक्का न लावता काढता आलं पाहिजे. जे आपलं नाही, ते मूळ म्हणून खपवायचं नाही.

“अमानत,” हे म्हणाले.

“खालू, आमच्या सरांना मी हाच शब्द सांगितला होता. त्यांनी फळ्यावर लिहून घेतला.”

आम्ही त्या रेघा मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

नंतरचे दिवस भरभर गेले. कठपुतळ्यांच्या संग्रहालयात मात्र एक गंमत झाली, किंवा गंमत म्हणवत नाही असं काहीतरी. सिसिलीच्या बाहुल्या प्रसिद्ध आहेत. हातभर उंचीपेक्षा मोठ्या, लोखंडी सळईने नाचवायच्या, अंगावर खरं पितळी चिलखत. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आठवल्या. खेळ असतो सम्राट शार्लमेन आणि त्याच्या वीरांचा. शत्रू कोण? सारासेन. म्हणजे आपण. पगडीवर चंद्रकोर, घोळदार विजार, मोठ्या मिशा. लढाई सुरू झाली की बाहुलीवाले पडद्यामागे पाय आपटतात, तलवारी खणखणतात, आणि सारासेन एकावर एक पडून ढीग होतो. आमच्या पुढच्या रांगेतला पाचएक वर्षांचा मुलगा टाळ्या पिटत होता. मागे वळून त्याने आमचा हिजाब पाहिला, आमच्याकडे पाहून हसला आणि पुन्हा टाळ्या पिटायला लागला. त्याच्या मनात काही नव्हतं. आमच्या मनात मात्र रात्रभर ते राहिलं. आपल्याकडच्या नाटक-सिनेमांतही एक ठराविक पोशाखाचा माणूस आला की पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. पण त्या बाहुल्यांचं काम इतकं सुंदर होतं की आम्ही दुसऱ्या दिवशी भाचीला न सांगता पुन्हा जाऊन पाहून आलो.

आणि हेही सांगितलं पाहिजे की नॉर्मन राजांचा काळ म्हणजे सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, असं मार्गदर्शक सांगतात तेवढं ते सोपं नव्हतं. इब्न जुबैर हा अंदलुसचा प्रवासी हजहून परतताना ११८४ च्या अखेरीस इथे आला. नाताळच्या दिवशी ख्रिस्ती बायका मुस्लिम बायकांसारख्या नटून, मेंदी लावून, बुरखा घेऊन चर्चला चालल्या आहेत, हे त्याने कौतुकाने लिहिलंय. पण तोच लिहितो की इथले मुस्लिम बाप मुलांना रागवायला घाबरतात. मूल रागाने चर्चमध्ये गेलं तर कायमचं गेलं. पाच वर्षांनी राजा वारला आणि पालेर्मोतल्या मुस्लिमांवर हल्ले झाले. ते डोंगरात पळाले. पुढे सम्राट दुसरा फ्रेडरिक याने उरलेल्यांना बेटावरून हलवून इटलीतल्या लुचेरा गावी नेऊन वसवलं, आणि १३०० साली तेही गाव मोडलं. फ्रेडरिक स्वतः उत्तम अरबी जाणत होता म्हणतात. त्याची कबर त्याच कॅथेड्रलमध्ये आहे, खांबावर आयत असलेल्या.

इब्न जुबैरची ती रागवण्याची गोष्ट आम्ही अब्बांना फोनवर सांगितली. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, “जेवलात का?”

दोन नोव्हेंबरला इथे मृतांचा दिवस असतो. त्या दिवशी घरातली गेलेली माणसं मुलांसाठी खाऊ ठेवून जातात, अशी समजूत. दुकानांत साखरेच्या रंगीत बाहुल्या आणि बदामाच्या लगद्याची फळं, इतकी हुबेहूब की यांनी अंजीर समजून भाव विचारला. साखरेच्या बाहुल्या पाहून आम्हाला आपल्या बाजारात मिळणाऱ्या साखरेच्या गाठी आठवल्या. एक बाहुली घेतली, प्रवासात तिचं डोकं तुटलं.

शेवटचा दिवस झीसा वाड्याचा. हे नाव ‘अल-अझीझ’ वरून आलं. रॉजरच्या मुलाने बाराव्या शतकात सुरू केलेला आणि नातवाने पुरा केलेला उन्हाळी महाल. आत मधल्या दालनात भिंतीतून पाणी उतरत्या संगमरवरी पाटावर येऊन जमिनीतल्या पाटाने बाहेरच्या हौदाकडे जायचं. वारा त्या पाण्यावरून आत यायचा आणि वाडा गार राहायचा. पालेर्मोच्या जमिनीखाली डोंगरातून पाणी आणणारे कनात आहेत, अजून त्यांत उतरता येतं. आमच्या औरंगाबादच्या पाणचक्कीला आणि नहर-ए-अंबरीला पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. महालात आता इस्लामी कलेचं संग्रहालय आहे: लाकडी जाळ्या, कोरीव पितळी भांडी, मोजक्याच वस्तू.

त्यांत एक संगमरवरी पाटी आहे. रॉजरच्या दरबारातल्या ग्रिसांतो नावाच्या पाद्र्याने आपल्या आईसाठी बसवलेली. आईचं नाव आन्ना, मृत्यू ११४८. मध्ये रंगीत दगडांच्या तुकड्यांचा क्रूस. डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी, आणि वर हिब्रू अक्षरांत लिहिलेली अरबी. चार लिप्या, आणि प्रत्येक लिपीत ज्याच्या त्याच्या पंचांगाप्रमाणे साल. त्या काळी पालेर्मोच्या रस्त्यावरून जाणारा कुठलाही माणूस असो, त्याने आपल्या आईचं नाव वाचावं, असं त्या मुलाला वाटलं असणार.

भाचीने फोटो काढला आणि बागेत बाकावर बसून नानांना पाठवला. इथे अकरा वाजले होते, तिकडे साडेतीन. पाच मिनिटांनी व्हिडिओ कॉल आला. अब्बा चष्म्यावर भिंग धरून बसले होते, त्यामुळे आम्हाला फक्त एक मोठा डोळा दिसत होता. तीन वर्षांत नात आणि नाना समोरासमोर असे बसले नव्हते.

“खालची ओळ मोठी करून पाठव,” अब्बा म्हणाले. तिने पाठवली. ते अडखळत, ओठ हलवत वाचत गेले. सन पाचशे त्रेचाळीस सापडलं. राजाच्या लांबलचक किताबांवर वैतागले. शेवटाकडे आले आणि थांबले. मग म्हणाले, “हा तर वाचणाऱ्याकडून आईसाठी दुआ मागतोय.”

“जी नाना.”

“पाद्री होता ना?”

“जी.”

अब्बांनी चष्मा काढून पुसला. आमची अम्मी जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी पुन्हा भिंग धरलं.

“अक्षरांच्या खाचेत धूळ जाते. दगडाला पाणी लावलं तर खार वर येतो. हे साफ कशाने करता तुम्ही?”

“छोट्या डागाला कापसाचा बोळा, नाना. कधीकधी नुसती थुंकी. आणि दगडातला खार ओढून काढायचा असेल तर मातीचा लेप. भिजवून लावायचा, वाळला की खार घेऊन निघतो.”

“कसली माती?”

ती इटालियन नाव सांगायला लागली, मग थांबली, शब्द शोधू लागली.

“मुलतानी मिट्टी,” अब्बा म्हणाले. “आम्ही मकतबात तख्ती त्यानेच पोतायचो. जास्त पातळ करू नकोस, ओघळते.”